माझं दुसरं पान कोणी उघडत नाही

मित्रांनो, जळकोटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिक्षकांच्या खोलीतल्या संगणकावर मी तीन वर्षांपासून राहतो. मला डॅशबोर्ड म्हणतात. मुलं आपापल्या गावातून, घरबसल्या गटाने ऑनलाइन प्रकल्प लिहितात. कोण किती वेळ आलं, कोणी किती शब्द लिहिले, हे मी मोजतो. कोणी मागे पडत असेल तर शिक्षकांना वेळेवर कळावं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

दोन तरुण अभियंत्यांनी वर्षभर खपून मला दोन पानं दिली. पहिल्या पानावर रंग आहेत: हिरवा, पिवळा, लाल. दुसऱ्यावर बारीक नोंदी आहेत: कोण कधी लिहितं, कुठे अडतं, किती खोडतं. माझा जीव त्या दुसऱ्या पानात आहे. तीन वर्षांत ते एकदाही कोणी उघडलं नव्हतं.

सुरुवातीला कौतुक फार झालं. खंडेनवमीला पडद्याला हळदकुंकू लावलं. पुढे पंधरा दिवस माझा डावा कोपरा पिवळा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यातला गट आळशी आहे, असं प्राचार्य व्यंकटराव सरांनी ठरवून टाकलं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

यंदा अकरावीच्या मल्लेश, शबाना आणि भुजंग यांनी गावोगावच्या बोअरचं पाणी बाटल्यांत आणून, साबणाचा फेस किती थेंबांनी टिकतो यावरून त्याची कठीणता तपासली. प्रकल्प लातूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेला. लगेच सरांनी माझं पहिलं पान छापून घेतलं. मल्लेश हिरवा, भुजंग पिवळा, शबाना लाल. शून्य शब्द.

"हिचं नाव काढा, मॅडम," ते रसायनशास्त्राच्या मंजुषा मॅडमना म्हणाले. "फुकटात लातूर फिरायला जाऊन राहिली काय?"

"उद्यापर्यंत थांबा, सर."

"थांबून शून्याचं काय होणार आहे?"

ते शून्य खोटं नव्हतं. शबानाने खरंच एक शब्दही टाइप केला नव्हता. पण मित्रांनो, मी कळफलकावर पडलेली बोटं मोजतो, कष्ट मोजत नाही. हे सांगायला मला तोंड नाही. दुसरं पान तेवढं आहे.

त्या दुपारी मॅडमनी ते उघडलं. मल्लेशच्या नोंदीवर त्यांची नजर थांबली. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा लिहिलेलं, एकूण चार हजार शब्द, आणि खोडाखोड जवळजवळ नाहीच. विचार करत लिहिणारा अडतो, खोडतो. ऐकून लिहिणारा सरळ लिहीत जातो.

त्यांनी तिघांना बोलावलं. "मल्लेश, आठव्या बाटलीला साबणाचे थेंब एवढे जास्त का लागले?"

मल्लेश पायाकडे बघू लागला. "ते शबानाला माहीत हाय, मॅडम. मी निस्तं लिव्हलो."

"ती बोअर लई खोल हाय," शबाना म्हणाली. "पाणी जड. तीनदा करून बघितलं, फेस टिकतच न्हाई."

"मग तू का नाही लिहिलंस?"

"आमच्याकडं बटणाचा फोन हाय. मी फोनवर वही वाचते, ह्यो लिव्हतो. सातवीपासून असंच हाय, मॅडम. गटात ज्याचं अक्षर चांगलं, त्यानं लिव्हायचं."

"अगं, मोबाईलवर कसलं आलंय अक्षर?"

"आन् बाटल्या मी सायकलवर आणलो," भुजंग म्हणाला. "त्याला कोणता रंग हाय, मॅडम?"

छापील पानावर शून्याशेजारी मॅडमनी पेनाने लिहिलं, 'सर्व चाचण्या हिने केल्या.' सरांनी सही केली, पण तो रंग बदलता येत नाही का, असं दोनदा विचारलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तिघंही मॅडमसोबत लातूरला गेले. कोणी लॉगिन केलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे मी तिघांनाही लाल केलं. सरांनी माझ्यासमोर बसून फोन लावला. "मॅडम, तुमचा गट पूर्ण बंद पडलाय."

"सर, शबाना परीक्षकांना फेस दाखवून राहिली," फोनमधून आवाज आला. "मागून बोलते."

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी शिक्षक होईल. माझ्यावरची धूळ पुसा, हवं तर पूजाही करा. पण लाल रंग दिसला, की त्या मुलाला समोर बसवून विचारा. आणि त्याआधी माझं पान उलटा.

फोन ठेवल्यावर सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग माऊस धरून दुसरं पान शोधू लागले. अजून सापडलेलं नाही. तीन वर्षं ते तिथेच आहे.