ललिताच्या नावाची सुट्टी

"मॅडम, केसचं नाव तेवढं काढू नका," नरेंद्र पुन्हा म्हणाला.

"नाही काढत. माणूस कामाला कसा आहे, एवढंच विचारते."

माधवीबाई मुंबईच्या एका संस्थेतून भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामावर आल्या होत्या. कोर्ट ज्यांना तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतं, ती माणसं खरंच सुधारतात का, हे त्या तपासत होत्या. नरेंद्र त्यांतलाच. पॉवरलूमवर कामाला असताना रागाच्या भरात त्यानं मुकादमाला मारलं होतं. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं सोडलं, पण दर महिन्याला ठाण्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्यापुढं हजर व्हायला सांगितलं.

"घरच्यांना विचारलं असतं," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या घरी आता..."

"कोणी नाही."

केसवाल्याला शेठ कामावर ठेवत नसे. आणि नरेंद्रला भीती नुसती केसची नव्हती.

सुपरवायझर धनेश काल्हेरचाच. त्यानं बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यांवर बसला.

"कामगारांची माहिती घेतेय. नरेंद्र कसे आहेत कामाला?"

"नऱ्या? सोन्यासारका मानूस हाय. शिफ्ट चुकवत न्हाय, दारू न्हाय. तंबाखू तेवढी माझ्याकडनं मागतो, हाच त्याचा गुन्हा."

बाजूचे दोघं हसले. नरेंद्रनं पॅकिंगची टेप खोक्यावर वाकडी लावली, ओढून काढली, पुन्हा लावली.

"सुट्ट्या घेतात का?"

"महिन्याला एक. ती पन वहिनीला ठाण्याला किडनीच्या डॉक्टरकडं न्यायला. बायकोचं येवढं करनारा मानूस मी बगला न्हाय."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी नरेंद्रकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

त्याच्या बायकोला, ललिताला, जाऊन पावसाळा आणि दिवाळी उलटली होती. ती होती तेव्हा कोर्टाची हजेरी आणि तिची तपासणी तो एकाच दिवशी उरकायचा. सुट्टी एक, खोटंही अर्धंच. ती गेली, हजेरी राहिली. मग सुट्टी कशाच्या नावानं मागायची? म्हणून त्यानं गोदामात सांगितलंच नाही. रात्री तिला स्मशानात पोचवून आला आणि सकाळी ड्युटीवर हजर झाला. पुढं तिच्या मागच्या जलदान विधीच्या दिवशीही पाहुण्यांना घरात बसवून दुपारची शिफ्ट केली. "वहिनी कशी हाय?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "बरी आहे." गोदामात ती दिवसभर बरी असायची. टेमघरला घरी येऊन खोलीचं कुलूप काढलं की नसायची.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "झालं माझं. येते मी."

नरेंद्रनं टेप खाली ठेवली.

"थांब रं," धनेश त्याला म्हणाला, "आई कवाची मागं लागलीय, तुझ्या बायकोला बगायचंय म्हनून. या रविवारी येतो आमी दोघं. चहा नको, काय नको, तिला उगीच उठवू नकोस."

"रविवारी नको."

"मग सोमवारी. पाय दुखतात म्हातारीचे, तरी येते म्हनते."

म्हातारी दुखऱ्या पायांनी जिना चढेल आणि दारातून आत कोणाला बघेल, हे नरेंद्रच्या डोळ्यांपुढं आलं.

"धनेशभाऊ, ललिता वारली. पावसाळ्याआधीच."

बाई दाराशीच थांबल्या.

"मग सुट्ट्या?" धनेशनं विचारलं.

"माझ्यावर मारामारीची केस आहे. ठाण्याला हजेरी असते. तिचं नाव सांगून जायचो."

सरकत्या पट्ट्यावरनं आलेली खोकी शेवटाला एकमेकांवर आदळायला लागली, तेव्हा धनेशनं उठून पट्टा बंद केला.

"शेठला मला सांगावं लागंल."

"सांगा."

"उद्या तुझं काम ऱ्हाईल का, ते मी सांगू शकत न्हाय, नऱ्या."

"कळतं मला."

बाई काहीतरी म्हणायला गेल्या. धनेशनं हातानंच त्यांना थांबवलं.

"वहिनी गेल्यावर दुखवट्याचा पयला घास, कडू घास, कोनी भरवला तुला?"

नरेंद्रनं नकारार्थी मान हलवली. पाहुण्यांनी आग्रह केला होता, पण तोवर शिफ्टची वेळ झाली होती.

धनेशनं आपला डबा आणला. बाकीचे एकेक करून आले आणि खोक्यांना टेकून जमिनीवर बसले. दुखवट्याच्या घरी बसायला जातात तसे, न बोलता. धनेशनं तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि नरेंद्रच्या तोंडापुढं धरला.

नरेंद्रनं आधी हात पुसले. मग तोंड उघडलं.