मनगटावरचं लॅव्हेंडर

माझ्या धाकट्या बहिणीकडे प्रत्येक दुखण्यावर एक बाटली असते. डोकं दुखलं तर पेपरमिंट, झोप येत नसेल तर लॅव्हेंडर, सर्दीला निलगिरी, आणि उगाच उदास वाटत असेल तर संत्र्याच्या सालीचं तेल. नोकरी सोडून ती याचे वर्ग घेते. बायका डोळे मिटून बसतात, ही त्यांच्या नाकाखालून सुगंधी कागदाच्या पट्ट्या फिरवते आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगते. वर्गाला गर्दी असते. मी कधी गेले नाही. लाँड्रीतल्या वाफेत माझे श्वास पुरेसे दीर्घ होतात.

मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम करते. सोडा, ब्लीच, खळ, इस्त्रीखाली करपलेलं कापड, सगळं अंगात इतकं मुरलंय की आंघोळ केली तरी जात नाही. आईला त्याचं काही वाटायचं नाही. काचबिंदूने तिची नजर गेली, मागोमाग कानही मंदावले. आम्हा बहिणींचे आवाज मुळात सारखे, फोनवर मावशीसुद्धा फसते. आईला तर सगळेच आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू यायचे. पण मी दारातून आत शिरले की ती नाक वर करायची आणि म्हणायची, "आली माझी थोरली." दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असायचे, तरी त्या वाक्यासाठी मी आधी तिच्या खोलीत जायचे. दुपारी शेजारीण डोकावून जायची. बाकी तिचं न्हाणं, खाणं, कपडे बदलणं, सगळं माझ्याकडे.

धाकटी रविवारी यायची, नटूनथटून, पाहुण्यासारखी. आईच्या उशाशी बसून तिचा हात हातात घ्यायची आणि गप्पा मारायची. आई तिला चिमणी म्हणते, लहानपणापासून. एका रविवारी धाकटीने नाक मुरडलं. खोलीला औषधांचा आणि लघवीचा वास येतोय म्हणाली. मग मला स्वयंपाकघरात नेऊन, अगदी मायेने, माझ्याही अंगाला वास येतो असं सांगितलं. आजारी माणसाच्या भोवती प्रसन्न वातावरण हवं, आईला झोप लागत नाही ती यामुळेच. नाकाने कांदे सोलायची सवय तिला पहिल्यापासूनच. मला राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली. ती गेल्यावर मी बाही नाकाशी धरून स्वतःचा वास घेतला.

जाताना तिने आईच्या खोलीत तेलाची सुगंधी वाफ सोडणारा डिफ्यूझर ठेवला आणि माझ्या हातात एक बाटली दिली. खोबरेल तेलात मिसळलेलं लॅव्हेंडर. घरी आलीस की आधी साबणाने आंघोळ कर, मग हे मनगटांना आणि गळ्याला लाव आणि मगच आईजवळ जा, म्हणाली. ती स्वतःही हेच लावते.

खोटं कशाला बोलू, गुण आला. आई शांत झोपू लागली, मध्येच दचकून हाका मारणं बंद झालं. कितीतरी दिवसांनी मलाही सलग झोप मिळाली. मी धाकटीला फोन करून तिचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले.

मग आई मला चिमणी म्हणू लागली. आधी मला हसू आलं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले की अगं, मी थोरली. तिला ती थट्टा वाटली.

"थोरलीचा वास मला कळत नाही होय?" ती म्हणाली.

धाकटीला हे फोनवर सांगितलं. मला वाटलं, ओशाळेल. ती रडायलाच लागली. "म्हणजे मी नसले तरी आईला मी जवळ असल्यासारखी वाटते," म्हणाली. पुढच्या वर्गात तिने हा किस्सा सांगितला आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. हेही तिने मला फोन करून कळवलं. त्या वेळी ती समोर असती तर मी तिचा गळा धरला असता.

दुसऱ्या दिवशी मी डिफ्यूझर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, आणि संध्याकाळी लाँड्रीतून आले ती आंघोळ न करता, त्याच कपड्यांत आईपुढे उभी राहिले. तिने नाक वर केलं.

"लाँड्रीतून आलात का बाई?" तिने विचारलं. "थोरलीकडे काम होतं? ती आता इथे नसते. गेली."

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला. मी घास पुढे केला, तिने ओठ मिटले. परक्या बाईच्या हातून ती खाईना. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. मी रडले, ओरडले, एकदा तर चमचा भिंतीवर फेकला. तिचे गाल बसायला लागले तेव्हा मी हट्ट सोडला. आंघोळ केली, मनगटांना लॅव्हेंडर लावलं, गळ्याला लावलं, आणि ताट घेऊन तिच्याजवळ बसले. सगळं जेवण तिने मुकाट्याने संपवलं.

जेवण झाल्यावर ती माझ्याकडे झुकली. "थोरली गेली ते एका परीने बरंच झालं, चिमणे."

मी गप्प बसायला हवं होतं. तिच्या कानाशी जाऊन मी विचारलं, का.

"करायची बिचारी सगळं. पण तिला माझा वीट आला होता. तोंडाने नाही बोलली कधी. भरवणाऱ्याचा हात कळतो गं. तुझा बघ, कसा मायेचा आहे."

वीट आला होता, हे खरं. पण तेव्हाही मीच भरवत होते, आणि आताही. सोड्याने भेगाळलेला माझा तळवा तिने ओढून घेतला आणि आपल्या गालावर दाबून धरला.