बेचाळीसावा वेढा

"ह्यात तारंचं किती वेढं हायती?" दवाखान्यातल्या मशीनची कॉइल डोक्याला टेकली, तसं कृष्णातनं विचारलं.

"मान हलवू नका," सिस्टर म्हणाली. टकटक सुरू झाली.

बाकावर बसलेली मंगल पुढं सरकून त्याच्या तोंडाकडं बघू लागली. नवरा पाण्याच्या मोटारी भरणारा. जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. कॉइल दिसली की विचारणारच. पण हे शहाण्याचं विचारणं, की डोक्याची गाडी पुन्हा सुटली? हल्ली तो नुसता हसला तरी तिच्या जिवाला घोर लागायचा.

चैत्रात तो चार दिवस झोपला नव्हता. अकरा मोटारी एकदम खोलल्या आणि "वेढं मोजायचं काय कारान? माज्या हातातच मीटर हाय!" म्हणत भराभर भरल्या. गावातल्या नाथाजींची मोटार विहिरीवर तासाभरात जळाली, त्यांचं भेंडीचं रान करपलं. "आवं, थांबा," म्हणणाऱ्या मंगललाच त्यानं वेड्यात काढलं. तेव्हापासून दुकानात एक मोटार आली नाही. गावची माणसं भली; कराडच्या दवाखान्यात पोचवायला गाडी द्यायची, पण भरायला मोटार नाही.

"चुंबकाचे ठोके आणि सोबत गोळ्या. फरक हळूहळू दिसेल," डॉक्टर म्हणाले. कसा दिसेल, हे विचारायचा मंगलला धीर झाला नाही.

वीस खेपा झाल्या. कृष्णात झोपू लागला, बेतानं बोलू लागला. रोज दुकान उघडून रिकामा बसायचा. ते बघणं मंगलला फार जड गेलं.

एका सकाळी नाथाजींनी दारात मोटार उतरवली. "भर रं गड्या. घाई न्हाई."

कृष्णातनं तार धरली. पिठाच्या हातानं मंगल दारातच उभी राहिली. त्याचे ओठ मोजत होते. हात जरा भरभर चालला की तिचा जीव टांगणीला लागायचा. आणि एकाएकी हात थांबले.

"मंगल, जरा हिकडं ये," तो हळू म्हणाला. "वेढं बेचाळीस झालं का एकेचाळीस? माजा भरवसा न्हाई. तू मोज."

इतक्या महिन्यांत त्यानं स्वतःच्या कामावर शंका घेऊन कुणाला काही विचारलं नव्हतं. आणि त्याआधी वीस वर्षं विचारायची वेळच आली नव्हती. पदराला हात पुसून मंगल शेजारी बसली आणि तारेवर बोट ठेवून मोठ्यानं मोजू लागली.

"एकेचाळीस."

"मग आनि एक," तो म्हणाला, आणि त्यानं तो वेढा सावकाश घातला.