पुढच्या सीटवरचा पंतप्रधान

लिंडसे ट्रेगियरला पंतप्रधानाचं काम मिळालं तेव्हा त्याची साठी जवळ आली होती. तोवर अख्खा ऑस्ट्रेलिया त्याला ओळखायचा तो छपराच्या पन्हळीत पाला अडकू नये म्हणून बसवायच्या जाळीच्या जाहिरातीतला माणूस म्हणून. शिडीवरून घसरायचं आणि उठून डोळा मारायचा, एवढीच त्याची कला. त्यामुळे टीव्हीवर क्लॅरी डोनेगनच्या आयुष्यावर मालिका येतेय आणि क्लॅरी तू आहेस, असा फोन आल्यावर त्याने आधी विचारलं, "नक्की मलाच लावलाय ना?"

क्लॅरी डोनेगन म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरता कातरता देशाचा पंतप्रधान झालेला माणूस. शपथ घ्यायला निघाला तेव्हासुद्धा तो सरकारी गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. एकट्या माणसाने मागे बसायचं म्हणजे पुढच्याला नोकर समजायचं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मालिकेचा पहिला प्रसंग तोच होता. लिंडसेने घरातल्या कपाटाचं दार उघडून-मिटून त्याची इतकी तालीम केली, की बायकोने शेवटी आपले कपडे दुसऱ्या खोलीत नेले.

आता एकच घोडं अडलं होतं. क्लॅरीची मुलगी नोरीन आईवडिलांच्या जुन्या शेतावर एकटी राहायची. माझा बाप कोण होणार ते मला आधी बघायचंय, असा तिने निरोप धाडला होता. ती नाही म्हणाली तर वर्तमानपत्रं मालिकेची चटणी करणार, हे निर्मातीला, ब्रॉनविनला, पुरतं ठाऊक होतं. तिने लिंडसेला आडपडदा न ठेवता सांगितलं, "नोरीनने नाक मुरडलं तर सिडनीचा एक नट तयार आहे. आणि त्याचे केस स्वतःचे आहेत."

नोरीनला भेटायला लिंडसे तिच्या शेताजवळच्या व्हायल्लाला उतरला, तेव्हा तिथल्या छोट्याशा विमानतळाबाहेर धुळीने माखलेली एक जुनी गाडी उभी होती. स्टिअरिंगमागे टोपी घातलेली म्हातारी. "लिंडसे ना? बस," ती म्हणाली. आता कुणाही शहाण्याला कळलं असतं की एवढ्या आडगावात घ्यायला दुसरं कोण येणार. पण हल्ली रोज तालमीला न्यायला कंपनीची गाडी यायची, मागे बसून लिंडसे संवाद घोकायचा, आणि मोठं झाल्याची सवय माणसाला फार लवकर लागते. त्याने सरळ मागचं दार उघडलं आणि ऐसपैस बसला. म्हातारीने आरशातून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

मग लिंडसेचं तोंड सुटलं. क्लॅरीचा खर्जातला आवाज आपल्याला कसा सापडला, डावी भुवई कशी चढवायची, लोकर कातरायला शिकताना बोट कसं कापलं, सगळं त्याने तिला ऐकवलं. निलगिरीची झाडं मागे पडली, कुंपणं सरली, तरी त्याचं चऱ्हाट संपेना. क्लॅरीचं एक भाषणही त्याने पाठीमागून तिच्या कानात केलं. वर विश्वासात घेऊन म्हणाला, "ही नोरीन म्हणे भारी खडूस आहे. पण बघ, दोन मिनिटांत खिशात टाकतो."

 घर आल्यावर म्हातारी उतरली, स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला, फ्रूटकेक कापला. लिंडसे जाळीच्या दारात घोटाळत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "नोरीन आहे ना घरात?"

"आहे की. खडूसपणे केक कापतेय."

लिंडसेच्या तोंडचं पाणी पळालं. मागची सीट आठवली, कपाटाचं दार आठवलं, सिडनीच्या नटाचे दाट केसही आठवले. एवढा जगप्रसिद्ध प्रसंग रोज घोकणाऱ्या माणसाने तोच उलटा करून दाखवावा, याला गाढवपणाशिवाय दुसरा शब्द नव्हता. त्याने माफी मागितली, मग आणखी एकदा मागितली, आणि काम गेलंच असं समजून केकचा मोठा तुकडा उचलला.

"खा," नोरीन म्हणाली. "काम तुझंच आहे. ब्रॉनविनला मी सांगते."

"पण मी मागे बसलो."

"बाबा पुढे बसायचे, खरंय. फोटो छान यायचा." ती चहा ओतत होती. "त्यांची नजर गेल्यावर त्यांची गाडी मीच चालवायची. कितीतरी वर्षं. शेजारी बसून वाटभर आपलंच सांगायचे. आवाज, भाषण, कोण कसं चुकलं. तू कशी आहेस गं, असं एकदाही विचारलं नाही. आज आरशात बघितलं तर मागे तेच. मला तर वाटलं, ते परत आलेत."

लिंडसेला खोल कुठेतरी लागलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद मिळाली होती आणि ती घरी सांगायचीही सोय नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नोरीन, मग आता तू सांग. तुझं आयुष्य कसं गेलं?"

तिने त्याला नीट न्याहाळलं. मग सांगू लागली. मेलबर्नला चित्रकला शिकायला जायचं ठरलं होतं, खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मग आई गेली, बाबांची नजर गेली, आणि ते म्हणाले, थोडे दिवस थांब. बोलताना तिचा अंगठा टेबलाच्या कडेवरून सावकाश पुढेमागे फिरत होता. लिंडसे ऐकत होता, अगदी खरंच ऐकत होता. त्याला गलबलून आलं होतं.

आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, हा अंगठा फार छान आहे. क्लॅरी राजीनामा देतो त्या प्रसंगात आपण असाच फिरवू.

टेबलाखाली त्याचा अंगठा फिरायलाही लागला होता.

टेबलाखाली हलणाऱ्या त्याच्या हाताकडे नजर गेली तशी नोरीन मधेच थांबली. "बाबाही एवढंच ऐकायचे," ती म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.