नवरीची पहिली ओळ

दिवाळीत ठरवलं की आपल्या बंजारा तांड्याबद्दल पुस्तक लिहायचं. उन्हाळा लागला तरी पहिलं वाक्य निघत नव्हतं. वसमतला नवऱ्याची, रणजीतची, पिठाची गिरणी. ती सुरू झाली की मी मागच्या खोलीत वही उघडायची. ‘आमचा तांडा डोंगराच्या कुशीत वसलेला आहे.’ खोडायची. ‘आमचे लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत.’ तेही खोडायची. उठून घासलेलीच भांडी परत घासायची. परत बसायची.

शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून आणून वाचलं. पण पेन उचललं की चौथीतले गुरुजी समोर उभे. त्यांच्या मागं माझा भाऊ नेमसिंग, त्याच्या मागं अख्खी पंचायत. सगळ्यांचं एकच, चांगलं लिही. त्यांचं चांगलं म्हणजे खोटं, हे मला कळायचं. तरी हात तेच लिहायचा.

रणजीत जेवताना विचारायचा, “किती किलो झालं पुस्तक?”

“तुझ्या काट्यात बसायचं न्हाई,” मी म्हणायची. आतून जळायची, कारण काट्यावर ठेवायला काही नव्हतंच.

वैशाखात नेमसिंगच्या पोरीचं, दिपाचं लग्न निघालं. माहेरी, डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या तांड्यावर गेले. आमच्यात नवरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करून रडत गाते, बापाच्या घराचं भलं मागते. हल्ली जीप आल्यापासून कोणी करत नाही. नेमसिंगला मात्र पाहिजेच होतं. माझ्या लग्नात मीही मागितलं होतं. ज्या घरानं मला शाळेतून ओढून काढलं, त्याच घराचं भलं.

दिपानं मला कोपऱ्यात ओढलं. “फूफी, गाणं पाठ हाय, पण तोंडातून निघून न्हाई राहिलं.”

“मला काय इचारती? माझंपण न्हाई निघत.”

“तुझं काय?”

“पुस्तक.”

“तुला बरं हाय,” ती म्हणाली. “खाली बैल तर न्हाई.”

दुपारी तिला बैलावर चढवलं. एका बाजूनं मी धरलेलं, दुसऱ्या बाजूनं तिची आई जमनाबाई. बाया तोंडावर पदर घेऊन तयार. पण पहिली ओळ नवरीचीच. ती निघेपर्यंत बाकीच्यांना रडता येत नाही. दिपा नुसती उभी. तोंड उघडायची, मिटायची. पलीकडं वराडाच्या जीपचा हॉर्न वाजून राहिला होता.

“उचल की पोरी,” जमनाबाई दातातल्या दातात म्हणाली. “लोकं काय म्हणतील?”

तिचं अडलंय का माझं, कळेना.

तेवढ्यात बैल हलला. दिपा झोकांडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “उभा ऱ्हाय ना मुडद्या, पडले ना मी!”

गडीमाणसं खदखदून हसली. नेमसिंगचं तोंड उतरलं. आणि त्याच दमात दिपाचं गाणं सुटलं, मोकळं, खणखणीत. बायांनी मागून सूर धरला. बैलालासुद्धा हलायचं सुचलं नाही.

जीप गेली. मी घरात शिरले. वही वसमतला राहिलेली. उरलेल्या लग्नपत्रिकांतली एक उचलली, पालथी केली आणि उंबऱ्यातच बसून लिहिलं. गुरुजी आले होते समोर. येऊ दिले.

नेमसिंग डोळे पुसत आत आला. “काय लिहून राहिली?”

“पुस्तक.”

“चांगलं लिही,” म्हणत त्यानं पत्रिका घेतली. मी ओढून घेतली नाही. तो ओठ हलवत वाचू लागला. ‘मला चौथीतून काढलं आणि माझं दप्तर माझ्या भावाला दिलं.’

त्यानं ती ओळ परत वाचली. बाहेर बाया भांडी गोळा करत होत्या.

“फाटकं होतं ते दप्तर,” शेवटी तो म्हणाला.

“तेपण लिहिते,” मी म्हणाले, आणि पत्रिकेसाठी हात पुढं केला.