सहा मिनिटांचा पाठ

रूथने वजाबाकीसाठी फळ्यावर ४०२ लिहिले, खाली १६७ मांडले आणि खडू ठेवून ती समोरच्या मुलांकडे वळली. मुले कसली, तिच्यासारख्याच डी.एड. न झालेल्या अठरा शिक्षिका. केडगावच्या या दहा दिवसांच्या प्रशिक्षणात एकमेकींवरच पाठ घ्यायची पद्धत होती. एकीने शिकवायचे, बाकीच्यांनी चौथीतली पोरे व्हायचे आणि हौसेने चुकायचे. पाठ सहा मिनिटांचा. ओंकार सर, वय जेमतेम सत्तावीस, मागच्या खुर्चीत मोबाईलवर वेळ लावून बसत.

कोल्हारच्या छोट्या खाजगी शाळेत रूथला एकोणीस वर्षे झाली होती. मार्चमध्ये संस्थेने सांगितले, प्रमाणपत्र आणा, नाहीतर जूनपासून येऊ नका. आज शेवटचा दिवस. एवढा पाठ पार पडला की सुटले, असे ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

ती वह्या पाहत फिरू लागली. एकीने मुद्दाम हजारात उत्तर काढले होते, दुसरी पेन्सिल चावत बसली होती. सगळ्यांना हसू आवरत नव्हते. तिसऱ्या बाकावर रुपाली नावाची तरुण शिक्षिका होती. तिच्या वहीत ३६५ होते. वरचा आकडा असो की खालचा, मोठ्यातून लहान काढून ती मोकळी झाली होती. रूथला पाहताच तिने उत्तरावर तळहात ठेवला. ती हसत नव्हती.

सोंग घेऊन केलेली चूक कोणती आणि खरी कोणती, हे रूथला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीन मिनिटे उरली होती, मूल्यमापन आणि गृहपाठ दोन्ही बाकी होते. पुढे जावे, हे तिला स्वच्छ कळत होते, पण पाय निघेना. तिने पिशवीतून शंभर काड्यांचा जुडगा काढला, रुपालीच्या बाकावर सोडला आणि शंभराचे दहा दशक कसे होतात ते हळू आवाजात सांगू लागली. रुपालीने मान खाली घातली, पण बघत होती. दहाच्या एका गठ्ठ्याचे रबर तिने स्वतःच काढले, तोच मोबाईल वाजला.

“रूथताई, निम्मा पाठ एकीपाशीच गेला की तुमचा,” ओंकार सर म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरेच नवल वाटले होते. “ती काय खरोखर अडली होती का?”

सगळ्या ऐकत होत्या. रुपालीचा तळहात पुन्हा वहीवर गेला. उत्तर रूथच्या ओठांवर आले होते, एका शब्दाचे. ते बोललो तर आपण वाचतो आणि ही पोर सगळ्यांसमोर उघडी पडते.

“चुकलं, सर,” ती म्हणाली.

सरांनी कागदावर ‘पाठ अपूर्ण’ लिहिले. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे, तेव्हा पुन्हा या, असे आपुलकीने सांगितले. रूथचा जून दिवाळीच्या आधी येत होता. रुपालीच्या वाट्याला ‘पाण्याचे उपयोग’ आले होते. तिने ते साडेपाच मिनिटांत संपवले आणि सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. रूथनेही वाजवल्या.

संध्याकाळी रूथ सोडून बाकीच्यांना प्रमाणपत्रे वाटून झाली. रूथ एसटीच्या थांब्यावर उभी होती, तिथे रुपाली तिच्या शेजारी येऊन थांबली.

“ताई, तुमी माझं नाव घेतलं न्हाई.”

रूथने काड्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“सहा वर्षं झाली शिकवतीय. शून्याची गणितं मी फळ्यावर घेतच न्हाई. गाळते.”

“वर्ग कोणता तुझ्याकडं?”

“तिसरी-चौथी. अडतीस पोरं हायेत. जूनपासनं परत मीच.”

मनमाडची गाडी येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा कोल्हार, कोल्हार म्हणून हाक दिली. रूथ मागे सरकून थांब्याच्या कट्ट्यावर बसली.

“वही काढ,” ती म्हणाली.