वाटून घेता का?

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. हरणाच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की अमेरिकेतल्या या मिलस्टोन रन गावात रायफलची सोडत निघते. पैसे बंबासाठी जातात, त्यामुळे बंदुकांच्या नावाने बोटं मोडणारेही एखादी चिठ्ठी घेतातच. वर्नाने एकच घेतली होती. पण यंदा ती चिठ्ठी मुठीत घट्ट धरून बसली होती, कारण सोडतीला लावलेली रायफल तिच्याच बापाची होती.

आणि ती दिली कुणी? तिनेच, रागाच्या भरात! गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाची टर्की कापता कापता तिचा थोरला भाऊ एल्डन म्हणाला होता, "तुम्हा लोकांना आमच्या बंदुका हिसकावून घ्यायच्यात, दुसरं काय!" वर्ना शाळेची बस चालवते. पहिलीतली पोरं तिला सांगतात, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलाच तर म्हणून आज आम्ही कपाटामागे लपून गप्प बसायचा सराव केला. ते ऐकून जिचा जीव रोज तुटतो, ती कसली ऐकून घेते? "तुझी कशाला? मला तर माझीसुद्धा नको!" म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी बापाने तिच्या नावे ठेवलेली रायफल दलाला देऊन मोकळी झाली. तेव्हापासून एल्डन तिच्या घराची पायरी चढला नव्हता. रायफल गेल्याचं तिला काही नव्हतं हो, भाऊ गेल्याचं होतं. येत्या गुरुवारी पुन्हा तोच सण, पुन्हा टर्की भाजायची आणि त्याची रिकामी खुर्ची बघायची, हे तिच्याने होणार नव्हतं.

इथली सोडत उलटी. पिंपातून ज्याची चिठ्ठी बाहेर येईल ती बाद. शेवटी आत उरेल ती जिंकली. एल्डनने चिठ्ठ्यांची माळच घेतली होती. दलाचा प्रमुख स्टॅश पुकारू लागला तशी त्याची एकेक गळायला लागली.

"एल्डन, बाद! पुन्हा एल्डन, बाद!"

"अरे, जरा हात धुऊन काढ की!" एल्डन ओरडला. सगळे खदाखदा हसले.

समोरच्या टेबलावरून वर्नाने टोमणा हाणलाच. "पिंपावर गोळी झाड, म्हणजे घाबरेल."

"चोर घरात शिरला की तू काय लाटणं घेऊन उभी राहणार आहेस?"

"तुझ्या घरी चोर नाही, नातू येतो. चार वर्षांचा. आणि तुझ्या बंदुका दाराआड उभ्या!"

"घटनेने हक्क दिलाय मला!"

"अक्कल द्यायची राहिली वाटतं!"

टेबलं बडवली गेली. अर्धा हॉल याच्या बाजूने, अर्धा तिच्या, आणि बटाटा भरलेल्या पिअरोगी करंज्या मात्र सगळेच हाणत होते.

एकदम स्टॅशचा आवाज चढला. "दोनच उरल्या! एक एल्डनची, आणि दुसरी... अरे देवा! वर्नाची!"

हॉल नुसता दणाणला. "वितळवून खुरपी करेल ती!" कुणीतरी ओरडलं. एल्डनचा चेहरा पडला. वर्नाला वाटलं, आपली चिठ्ठी राहिली तर तो जन्मात बोलणार नाही, आणि त्याची राहिली तर त्याला आपल्याकडे यायचं कारणच उरणार नाही. दोन्हीकडून मरण!

"थांबा," स्टॅश म्हणाला, "रीत आहे, विचारावं लागतं. दोघं उरलात. वाटून घेता का?"

"कुऱ्हाड आणा रे!" मागून आवाज आला. हशाच हशा.

वर्ना उठली. तरातरा पुढे गेली, रायफल उचलली, नळी जमिनीकडे धरली, खटकन उघडून आत रिकामं आहे ना ते बघितलं आणि आतला बोल्ट अलगद बाहेर ओढून घेतला. बापाने शिकवलेलं हात विसरले नव्हते.

"वाटून घेते," ती म्हणाली. "रायफल याची, बोल्ट माझा."

बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एल्डन लालबुंद झाला. "बघा! हेच ते सरकारी नियंत्रण!"

"सरकार कुठे आलं मध्ये? हे बहिणीचं नियंत्रण आहे. शिकारीला जायचंय? पहाटे माझ्याकडे यायचं, बकव्हीटच्या पिठाची धिरडी खायची आणि बोल्ट न्यायचा. संध्याकाळी आणून द्यायचा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर काढू दे चिठ्ठी. एकाचं जाईल." तिने बोल्ट मुठीत आवळला. "मला नकोय कुणाचं काही जायला, एल्डन."

एल्डनने पिंपाकडे बघितलं, मग तिच्या मुठीतल्या बोल्टकडे. "वाटून घेतो," तो पुटपुटला, आणि असा गलका झाला की खिडक्या हादरल्या. स्टॅशने पिंप उचलून आत ठेवून दिलं, शेवटच्या दोन चिठ्ठ्या न बघताच.

रायफल खांद्यावर टाकून एल्डन तिच्याजवळ आला, घसा खाकरला. "आणि येत्या गुरुवारी?"

"गुरुवारी हंगाम नाही. बोल्ट मिळणार नाही."

"बोल्ट मागतोय कोण, बाई? टर्की कोण कापणार, ते विचारतोय."

वर्नाला हसू आणि रडू एकदमच आलं. "तू," ती म्हणाली. "सुरीला धार लावून ठेवते."